जड पुस्तकासोबत कोणती कादंबरी घ्यायची, ते कसं ठरवायचं

जाडजूड, डोकं खाणारं नॉन-फिक्शन हातात घेतलं की माझं साधारण ठरलेलं असतं. पहिली साठ पानं जोशात, पेन्सिल हातात, समासात टिपणं वगैरे वगैरे. मग एक चॅप्टर असा येतो की एकच परिच्छेद तीनदा वाचला तरी आत काही जात नाही, पुस्तक उशाशी पडून राहतं, त्यावर चार्जर आणि चष्मा मुक्कामाला येतात, आणि दोन महिन्यांनी आपण ते गुपचूप कपाटात सरकवतो. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे सोबत एक कादंबरी चालू ठेवणं. पण कुठलीही नाही. चुकीची घेतली तर दोन्ही बुडतात, आणि मी बऱ्याचदा चुकीचीच घेतलेली आहे, म्हणून हे लिहितेय.

बहुतेक लोक विषय बघून जोडी लावतात. युद्धाचा इतिहास चालू आहे ना, मग युद्धावरची कादंबरी. ऐकायला भारी वाटतं, कधीकधी जमतंही, त्याबद्दल खाली सविस्तर आहे. पण विषय नंतर बघायचा. आधी हे बघायचं की हे पुस्तक मला नेमकं कुठे दमवतंय. प्रत्येक अवघड पुस्तकाची दमवायची जागा वेगळी असते आणि सोबतची कादंबरी फक्त त्या एका जागी हलकी पाहिजे, बाकी बाबतीत ती कितीही भारी असली तरी चालते.

सगळ्यात सोपं उदाहरण नावांचं. मी एकदा रशियन क्रांतीचा इतिहास वाचायला घेतला होता. आधीच तिथे प्रत्येकाला दोन दोन नावं. लेनिन म्हणजे उल्यानोव्ह, ट्रॉट्स्की म्हणजे ब्रॉनस्टाइन, स्टालिन म्हणजे जुगाश्विली, त्यात पक्षातले गट, समित्या, एकाच वर्षात दोन क्रांत्या आणि जुनं कॅलेंडर नवं कॅलेंडर असा सगळा राडा. आणि अशा वेळी मी अतिशहाणपणा करून सोबत काय घेतलं तर 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'. आता १९६७ ची ही कादंबरी ग्रेट आहे यात वादच नाही, पण तिच्यात एकाच घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तीच तीच नावं फिरत राहतात, कर्नल ऑरेलियानोला सतरा मुलगे आणि सतराच्या सतरा जणांचं नाव ऑरेलियानो. दिवसा कोण कुठल्या गटातला ते आठवायचं आणि रात्री वंशावळीच्या पानावर बोट ठेवून कोण कोणाचा नातू ते शोधायचं. आठ दिवसांत दोन्ही पुस्तकं मिटली. दोष दोघांचाही नव्हता, डोक्यातला नावं ठेवायचा कप्पा एकच असतो आणि मी तो दोन्हीकडून भरत होते.

तेव्हा पुस्तक नावांनी आणि तारखांनी दमवत असेल तर कादंबरी दोन-तीन माणसांची घ्यायची. 'द ओल्ड मॅन अँड द सी' मध्ये एक म्हातारा, एक पोरगा, एक मासा आणि समुद्र, संपलं. पु. लं.नी तिचं 'एका कोळियाने' म्हणून मराठीत भाषांतर केलंय, ते घ्या हवं तर. कोण कोणाचा कोण हे एकदाही मागे जाऊन बघावं लागत नाही आणि तरी ती अजिबात पोरकट गोष्ट नाही, हे महत्त्वाचं. हलकी कादंबरी म्हणजे टुकार कादंबरी असं समजून लोक काहीतरी फालतू उचलतात आणि मग तीही वाचवत नाही.

काही पुस्तकांत नावांचा त्रास नसतो, संकल्पनांचा असतो. डॅनियल काहनेमनचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) घ्या. भाषा सोपी आहे, चॅप्टर छोटे छोटे, एकूण ३८, पण प्रत्येक चॅप्टर एक नवीन संज्ञा हातात देतो आणि मागच्या सगळ्या लक्षात आहेत असं धरून पुढे जातो. अशा पुस्तकाबरोबर ज्या कादंबरीत लेखकाने स्वतःचं जग, स्वतःचे नियम आणि स्वतःची डिक्शनरी उभी केलेली असते ती नको. म्हणजे मोठ्या साय-फाय, मोठ्या फँटसी, ज्यांच्या सुरुवातीला नकाशा आणि शेवटी शब्दसूची असते त्या. तिथेही तुम्ही परत व्याख्याच शिकत बसता. इथे घरातली, रस्त्यावरची, माणसामाणसांतली गोष्ट पाहिजे, ज्यात शिकायला काही नाही आणि बघायला भरपूर आहे.

डग्लस हॉफस्टॅटरचं 'ग्योडेल, एशर, बाख' (१९७९) हा यातला मजेशीर अपवाद, कारण त्याने सोबतची गोष्ट पुस्तकातच घालून ठेवलीय. जड चॅप्टरच्या आधी अकिलिस आणि कासवाचा एक संवाद येतो, चॅप्टरमध्ये जे डोक्यावरून जाणार असतं ते तिथे आधी खेळासारखं येऊन जातं. असं पुस्तक चालू असेल तर शब्दांशी खेळणारी, वाचकाला कोडी घालणारी कादंबरी अजिबात नको, तो खेळ तुम्हाला आधीच भरपूर मिळतोय. सरळ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जाणारी गोष्ट घ्या.

मनाला दमवणारी पुस्तकं हा वेगळाच प्रकार. सिद्धार्थ मुखर्जींचं 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' (२०१०), कॅन्सरचा इतिहास. मी त्याच्यासोबत सोल्झेनित्सिनची 'कॅन्सर वॉर्ड' लावली होती. विषय म्हणून जोडी परफेक्ट, झोप म्हणून सत्यानाश. दिवसा ट्यूमर, रात्री ट्यूमर, तिसऱ्या रात्री मी स्वतःची मान चाचपून बघत होते. अशा पुस्तकासोबत विनोदी काहीतरी घ्यायला लाज वाटू देऊ नका. वुडहाउसचा जीव्हज घ्या. चिं. वि. जोशींचा चिमणराव घ्या, आता ती कादंबरी नाही, कथा आहेत, पण इथे नियम कोण बघतंय.

आणि विनोदी किंवा सुखान्त वाचणं कमीपणाचं वाटत असेल तर डार्विनकडे बघा. १८७६ मध्ये त्याने मुलांसाठी म्हणून आत्मचरित्र लिहिलं, त्यात तो सांगतो की उतारवयात कविता आणि शेक्सपिअर त्याला सोसेनासे झाले होते, पण कादंबऱ्या मात्र घरातली माणसं त्याला वाचून दाखवायची आणि तो सगळ्या कादंबरीकारांना दुवा द्यायचा. फार थोर नसल्या तरी चालतील, फक्त शेवट वाईट नको, आणि वाईट शेवटाविरुद्ध कायदाच झाला पाहिजे असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर पुराव्यांचे ढीग उपसणारा माणूस रात्री काय मागतोय बघा.

चौथा एक थकवा असतो जो लोकांच्या लक्षातच येत नाही. काही पुस्तकं तुम्हाला सतत काहीतरी पटवत असतात. लेखक तुमची कॉलर धरून बसलेला असतो, हे बघ, हा पुरावा, हा आक्षेप, त्याला हे उत्तर, आता तरी पटलं का. पन्नास पानांनंतर आपल्याला वकिलांच्या घरी मुक्काम केल्यासारखं होतं. अशा वेळी जी कादंबरी आपल्याला काहीच पटवायच्या भानगडीत पडत नाही ती घ्यावी. 'कोसला' (१९६३) मला इथे फार उपयोगी पडलीय. पांडुरंग सांगवीकर बोलत राहतो, बोलत राहतो, त्याचं तुम्हाला पटलं काय आणि नाही पटलं काय त्याला घेणंदेणं नाही. उलट ज्या कादंबरीच्या पोटात निबंध लपलेला असतो ती टाळा. 'वॉर अँड पीस'चा दुसरा उपसंहार म्हणजे इतिहास कोण घडवतं यावरचा सरळसरळ निबंध आहे, गोष्ट केव्हाच संपलेली असते. 'मोबी डिक' (१८५१) मध्ये व्हेलचं वर्गीकरण करणारा अख्खा चॅप्टर आहे. दोन्ही वाचाच, पण एकटी एकटी.

आता बुकशेल्फसमोर उभं राहून नेमकं काय करायचं. मी असं करते. नॉन-फिक्शन आधी सुरू करते, कादंबरी आधी ठरवत नाही. दोन-तीन चॅप्टर होऊ देते, तोपर्यंत कुठे दमायला होतं ते कळतं. मग तीन कादंबऱ्या बाजूला काढते आणि मुद्दाम दमलेली असताना, म्हणजे जड चॅप्टर संपवून लगेच, प्रत्येकीची पहिली पाच पानं वाचते. फ्रेश असताना ही टेस्ट घ्यायचीच नाही, फ्रेश असताना सगळंच छान वाटतं. दमलेल्या डोक्याने पाच पानं वाचताना जिच्यात पानाचा आकडा बघायची आठवण झाली नाही ती घ्यायची. पुढची टेस्ट चाळीसाव्या पानावर: पुस्तक दोन दिवस बंद ठेवायचं, मग उघडून जिथे थांबलो तिथूनच वाचायला लागायचं. मागे न जाता गाडी लागली तर ही सोबतीची कादंबरी. मागची पानं चाळावी लागली तर ती चांगली कादंबरी असेल, पण आत्ताची नाही, परत कपाटात.

कारण सोबतच्या कादंबरीचा खरा गुण म्हणजे ती खाली ठेवता आली पाहिजे. हे जरा उलटं वाटतं, एरवी आपण खाली ठेवताच येत नाही म्हणून कौतुक करतो. पण थ्रिलर लावलात की काय होतं, खून कोणी केला ते कळेपर्यंत अवघड पुस्तकाकडे ढुंकूनही बघितलं जात नाही, आणि ते कळल्यावर पहिलं पुस्तक कुठवर आलं होतं हेच आठवत नाही. अगाथा ख्रिस्तीने डिटेक्टिव्ह कादंबऱ्याच ६६ लिहिल्यात, एक संपली की दुसरी हातात येते, महिना कुठे जातो कळत नाही. रहस्यकथा हवीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, आधी वाचलेलीच परत वाचायची. खुनी माहीत असतो, घाई नसते, आणि लेखकाने धागे कुठे कुठे पेरले ते दिसायला लागतं ती वेगळी मजा. दुसरी, अवघड पुस्तकाचा एक मोठा भाग संपला की मध्ये सुट्टी घेऊन एका बैठकीत एक उडवायची आणि मग पुढच्या भागाला हात घालायचा.

परत वाचण्याबद्दल अजून थोडं, कारण हा सल्ला मी सगळ्यात जास्त देते आणि कोणी ऐकत नाही. पुस्तक खरंच फार अवघड असेल, म्हणजे दिवसाला आठ पानं हा स्पीड असेल, तर सोबत नवीन कादंबरी घेऊच नका. आवडती, वाचून झालेली घ्या. मधलंच पान उघडा, चार पानं वाचा, बंद करा. काही लक्षात ठेवायचं ओझं नाही.

लांबीचा हिशोब साधा आहे. अवघड पुस्तक दीड महिना चालणार असेल तर दोनशे पानांच्या आतल्या दोन-तीन कादंबऱ्या एकापाठोपाठ बऱ्या. एखादं पुस्तक पूर्ण संपवल्याचा आनंद मध्ये मध्ये मिळत राहतो आणि मूड बदलला तर पुढची वेगळी घेता येते. अपवाद एकच, मोठी पण संथ कादंबरी, जिचे चॅप्टर स्वतःपुरते पूर्ण आहेत. तसली एखादी सापडली तर अख्खा सीझन निघतो.

भाषेचं तर बोलायलाच नको. नॉन-फिक्शन इंग्लिशमध्ये असेल तर कादंबरी मराठी घ्या, बस. कितीही सराईत इंग्लिश वाचत असलात तरी जिभेच्या भाषेत परत आल्यावर खांदे खाली येतात ते तुम्हालाच जाणवेल. आणि एक पुस्तक कागदावर असेल तर दुसरं कानाने ऐकलं तरी चालतं, फक्त ऐकायची ती कादंबरी, अवघड पुस्तक नव्हे. उलटं करून बघितलंय, चालता चालता एक अख्खा चॅप्टर कानावरून गेला आणि शेवटी लक्षात राहिली ती फक्त वाचणाऱ्याची खाकरण्याची सवय.

आता विषयाची जोडी. हे जमलं तर कमाल जमतं. थॉमस पिकेटीचं 'कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' (फ्रेंच २०१३, इंग्लिश २०१४) सातशेच्या आसपास पानांचं आहे, आलेख आणि टक्केवारी यांनी भरलेलं, आणि गंमत म्हणजे तो स्वतःच मध्ये मध्ये बाल्झाक आणि जेन ऑस्टिन यांना साक्षीला बोलावतो. तिथे मी अडकले होते. भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दरापेक्षा जास्त असला की कमाईपेक्षा वारशाचा पैसा जड होत जातो, हे वाक्य मला तोंडपाठ होतं आणि कळलेलं काहीच नव्हतं. म्हणून बाल्झाकची 'ल पेर गोरियो' काढली. त्यात १८१९ च्या पॅरिसमधलं एक कळकट बोर्डिंग हाउस आहे, तिथे रास्तिन्याक नावाचा कायद्याचा गरीब विद्यार्थी राहतो आणि त्याच टेबलावर जेवणारा व्होत्रँ त्याला एक दिवस बागेत गाठून हिशोब सांगतो. अभ्यास कर, नोकरी धर, नशीब जोरावर असेल तर अमुक वर्षांनी तुला एवढे मिळतील. आणि हे बघ, समोर बसते ना ती मुलगी, तिच्याशी लग्न केलंस तर त्याच्या कितीतरी पट आत्ता. फक्त त्यासाठी तिच्या भावाचा काटा काढावा लागेल. ती दोन-चार पानं वाचून मी पिकेटीच्या आलेखाकडे परत गेले तेव्हा त्या दोन रेघांपैकी एक रेघ मला रास्तिन्याक दिसत होती आणि दुसरी ती मुलगी.

या जोडीतून मला एक गोष्ट हाती लागली ती आता मी नियमासारखी पाळते. विषयाची जोडी लावायची असेल तर त्या काळात लिहिलेली कादंबरी घ्यायची, त्या काळाबद्दल नंतर लिहिलेली नाही. बाल्झाकने १८१९ ची गोष्ट १८३५ च्या सुमारास लिहिली, पैशाचे आकडे त्याच्या वाचकांना तोंडपाठ होते. किंवा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' बघा. १९३९ मध्ये आलेली छोटीशी कादंबरी, युरोपातून निघालेल्या बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यात हॅर्टा, आणि हिंदुस्थानात परतणारा चक्रधर. नाझी काळावरचा कुठलाही इतिहास वाचत असताना ही वाचली की अंगावर काटा येतो तो यासाठी की लिहिणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नाही. छळछावण्यांचे आकडे तुमच्या दुसऱ्या पुस्तकात आहेत, बोटीवरच्या कोणाकडेच ते नाहीत. मनाला दमवणाऱ्या पुस्तकाबरोबर जड कादंबरी नको असं मी वर म्हटलंय खरं, इथे मात्र मी तो सल्ला मोडते, ती लहान आहे म्हणून, आणि झोपताना न वाचता दिवसा वाचते.

अमर्त्य सेन यांचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' (१९८१) आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही माझी लाडकी जोडी. सेन यांचं म्हणणं थोडक्यात असं की दुष्काळात माणसं मरतात ती दरवेळी धान्य नाही म्हणून नव्हे, धान्य मिळवायची ऐपत गेली म्हणून. त्यात इथिओपिया आणि साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) इथल्या गुराख्यांचं प्रकरण आहे: जनावरं तर मरतातच, पण जी उरतात त्यांच्या बदल्यात पूर्वीएवढं धान्यही मिळत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. हे कोष्टकात वाचायचं आणि मग मेंढपाळांची ती वस्ती पाऊस न पडल्यावर कशी रिकामी होत जाते ते त्या तरुण मास्तरच्या डोळ्यांनी बघायचं. 'बनगरवाडी' सेन यांचा सिद्धान्त सांगायला लिहिलेली नाही, पंचवीसएक वर्षं आधीची आहे. म्हणूनच ती जोडीला चालते.

नंतर लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीचा धोका वेगळा आहे. मी १७६१ च्या लढाईबद्दल वाचताना विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) पण सोबत वाचत होते, आणि मग गप्पांत मोठ्या तोऱ्यात एक प्रसंग सांगितला, समोरच्याने शांतपणे विचारलं, हे कुठल्या पत्रात आहे? कुठल्याच नव्हतं, कादंबरीतलं होतं. कादंबरीकाराने त्याचं काम चोख केलं, गोंधळ माझ्या डोक्यात झाला. मानसशास्त्रात यावर प्रयोगही झालेत, गोष्टीत पेरलेली चुकीची माहिती लोक नंतर खात्रीने खरी म्हणून सांगतात. कुठे वाचलं हे विसरतं, काय वाचलं ते राहतं. म्हणून अशी कादंबरी घ्यायची तर इतिहास संपवून मग, किंवा निदान इतिहासाचं ते प्रकरण ओलांडल्यावर.

रोजच्या वाचनाचं म्हणाल तर सकाळी किंवा डोकं चालतं त्या वेळेला नॉन-फिक्शन, टेबलावर, पेन्सिल घेऊन. कादंबरी दुसऱ्या जागी, खुर्ची वेगळी, पेन्सिल नाही. अवघड पुस्तक नेहमी चॅप्टरच्या शेवटी नाही तर पुढच्या चॅप्टरचं एक पान वाचून थांबवायचं, आणि त्या पानावर एक ओळ लिहून ठेवायची, लेखक आता काय सिद्ध करायला निघालाय. दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचली की कादंबरीतून परत यायला दोन मिनिटं लागतात, नाहीतर वीस.

आणि कधीकधी कादंबरीच जिंकते. तीन दिवस झाले, अवघड पुस्तकाला हात नाही, रात्री एक वाजता आपण कादंबरीतच. तेव्हा स्वतःला शिस्त वगैरे लावत बसू नका, ती कादंबरी संपवून टाका, आणि पुढच्या वेळी जरा कमी देखणी निवडा. सध्या माझ्या टेबलावर मेंदूविज्ञानाचं एक पुस्तक आहे, पान १४२, आणि त्याच्या सोबतीला घेतलेली तिसरी कादंबरी. पहिल्या दोन चाळीसाव्या पानाच्या टेस्टमध्ये गेल्या.